परतायचं कुठे? असेंब्ली कॉलमधल्या क्रॅशची पूर्वपीठिका

सी भाषेतून असेंब्लीतलं, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याच्या भाषेतलं, एक छोटंसं फंक्शन कॉल केलं. उत्तर अगदी बरोबर आलं. आणि मग चार ओळी पुढे, त्या फंक्शनशी काडीचाही संबंध नसलेल्या लूपमध्ये प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मेला. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद केलं तर व्यवस्थित चालतो, त्याची ओ-टू पातळी लावली की कोसळतो. नवखा माणूस इथे कंपायलरला शिव्या घालतो. खरा प्रकार असा असतो, की कंपायलरने लूपचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आरबीएक्स रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या जागेत, ठेवलेला होता आणि असेंब्लीने तेच रजिस्टर न विचारता वापरून टाकलं. ऑप्टिमायझेशन बंद असताना पॉइंटर स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांसाठी राखलेल्या मेमरीच्या थप्पीवर, असतो, म्हणून गुन्हा झाकला जातो.

आरबीएक्सला हात लावलात तर जसं होतं तसं परत ठेवा, हा नियम प्रोसेसरचा नाही. तो कॉल करणारा आणि कॉल होणारा यांच्यातला कागदी करार आहे. कंपायलर तो स्वतःच्या बाजूने पाळतो, पण असेंब्लीची बाजू तपासायला कुणी बसलेलं नसतं. शिवाय हा करार एकदा ठरला आणि संपला असंही झालेलं नाही.

अगदी सुरुवातीला प्रश्न एवढाच होता: काम झाल्यावर परतायचं कुठे? केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर 1949 मध्ये पहिले प्रोग्रॅम चालले, तेव्हा त्यात ना स्टॅक होता, ना कॉलची सूचना. डेव्हिड व्हीलरने काढलेली युक्ती आजही वाचताना गंमत वाटते. उडी मारण्याआधी कॉल करणारी सूचना स्वतःलाच अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (हिशेबाच्या रजिस्टरमध्ये) उचलून घ्यायची. सबरूटीन (आजच्या भाषेत फंक्शन) त्यात एक ठरावीक आकडा मिळवून परतीच्या उडीची सूचना तयार करायचं आणि ती स्वतःच्याच शेवटच्या जागी लिहून ठेवायचं. म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता स्वतःलाच बदलत होता. सबरूटीनने स्वतःला कॉल केलं की आधीचा परतीचा पत्ता पुसला गेलाच. 1965 च्या पीडीपी-8 संगणकावरही पत्ता सबरूटीनच्या पहिल्याच शब्दात (मेमरीच्या पहिल्या घरात) लिहिला जायचा, त्यामुळे ती अडचण तिथेही होती.

1964 मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/360 लाही हार्डवेअर स्टॅक नव्हता, पण तिथे शिस्त आली. रजिस्टर 14 मध्ये परतीचा पत्ता, 15 मध्ये फंक्शनचा पत्ता, 1 मध्ये आर्ग्युमेंटच्या (फंक्शनला दिलेल्या किमतींच्या) यादीचा पत्ता. रजिस्टर 13 कॉल करणाऱ्याने राखलेल्या 72 बाइटच्या जागेकडे बोट दाखवायचं, आणि कॉल झालेलं फंक्शन आत शिरताच जवळपास सगळी रजिस्टरं तिथे उतरवून ठेवायचं. या जागा एकमेकींना जोडलेल्या असायच्या. क्रॅशनंतर मेमरी डंपचा गठ्ठा घेऊन बसणारा माणूस ती साखळी बोटाने मागे मागे चाचपत जायचा. आजच्या बॅकट्रेसची (कुणी कुणाला कॉल केलं त्या यादीची) ही आजीच म्हणायची.

पुढे पीडीपी-11 वर स्टॅक हार्डवेअरमध्ये आला आणि त्याच यंत्रावर सी वाढली. मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफसारख्या फंक्शनला किती आर्ग्युमेंट येणार हे फक्त कॉल करणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून सीमध्ये स्टॅक साफ करायचं (आर्ग्युमेंट उतरवून टाकायचं) काम त्याच्याकडे राहिलं. पास्कल भाषेच्या पद्धतीत हे काम कॉल झालेल्या फंक्शनचं. इंटेलच्या 8086 प्रोसेसरची रिटर्न सूचना परततानाच स्टॅकवरून ठरावीक बाइट उडवू शकते, त्यामुळे प्रत्येक कॉलमागे एक सूचना वाचते. 16 बिट विंडोजने म्हणूनच पास्कल पद्धत उचलली. मग एका बाजूला सी आणि दुसऱ्या बाजूला पास्कल पद्धत धरून लिहिलेली असेंब्ली, अशी जोडी जमली की स्टॅक दोनदा साफ व्हायचा किंवा अजिबात नाही. यातली खोच अशी, की कॉल करणारं फंक्शन शेवटी फ्रेम पॉइंटरवरून (स्टॅकवरची आपली जागा दाखवणाऱ्या रजिस्टरवरून) स्टॅक पॉइंटर (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) पूर्ववत करत असेल तर हा घोटाळा कितीतरी दिवस दिसतच नाही. दिसतो तो लूपमध्ये, हजारो कॉलनंतर.

8086 च्या सेगमेंटांनी (मेमरीच्या तुकड्यांनी) आणखी एक घोळ घातला. निअर कॉल (त्याच सेगमेंटमधला) स्टॅकवर 2 बाइटचा पत्ता ठेवतो, फार कॉल (दुसऱ्या सेगमेंटमधला) 4 बाइटचा. म्हणून पहिलं आर्ग्युमेंट बीपी (फ्रेम पॉइंटर) अधिक 4 वर असेल की बीपी अधिक 6 वर, हे मेमरी मॉडेलवर (स्मॉलमध्ये निअर कॉल, लार्जमध्ये फार) ठरायचं. सी प्रोग्रॅम लार्ज मॉडेलमध्ये कंपाइल केला आणि असेंब्ली स्मॉल समजून लिहिली, तर फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून परतीच्या पत्त्याचा अर्धा भाग वाचायचं आणि परततानाही अर्ध्याच पत्त्यावर जायचं. त्या मानाने नावाच्या चुका सौम्य म्हणायच्या. कुठे नावाआधी अंडरस्कोर लागतो, कुठे लागत नाही, सी++ तर नावाचा पार चेंदामेंदा करतं, पण निदान लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा) तिथेच अडवतो. जे लिंक होतं, त्याचीच खरी भीती.

2003 साली एएमडीचा 64 बिट ऑप्टेरॉन प्रोसेसर आला आणि आर्ग्युमेंट स्टॅकवरून रजिस्टरांत गेली. दुर्दैवाने करार दोन झाले. लिनक्स आणि इतर युनिक्सांवर पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर8, आर9 मध्ये. विंडोजवर चारच, आरसीएक्सपासून, आणि वर 32 बाइटची मोकळी जागा कॉल करणाऱ्याने राखायची. आरडीआय लिनक्सवर खुशाल वापरा, विंडोजवर ते जपून परत करायचं. 32 बिट इंट (पूर्णांक) आला तर रजिस्टरच्या वरच्या अर्ध्यात काय असेल याची हमी नाही. तोच अख्खा आरडीआय इंडेक्स (यादीतला क्रमांक) म्हणून वापरला की झालं!

सगळ्यात जास्त लोक मात्र 16 बाइटच्या अलाइनमेंटवर आपटतात. कॉल करताना स्टॅक पॉइंटर 16 च्या पटीत हवा. कॉल स्वतः 8 बाइटचा पत्ता ढकलतो, म्हणजे तुमच्या फंक्शनात शिरता शिरताच तो 8 ने सरकलेला असतो. तिथून थेट प्रिंटएफ कॉल केलं तर पुष्कळदा पूर्णांक बिनबोभाट छापले जातात आणि दशांश संख्या दिली की प्रोग्रॅम कोसळतो. कारण दशांश संख्या एक्सएमएम रजिस्टरांतून येतात. प्रिंटएफ ती रजिस्टरं मूव्हएपीएस सूचनेने स्टॅकवर ठेवायला जातं, आणि 1999 च्या पेंटियम 3 पासूनची ही सूचना 16 च्या पटीतला नसलेला पत्ता मुळीच सहन करत नाही. उपाय एका ओळीचा: कॉलआधी स्टॅक पॉइंटरमधून 8 वजा करा, नंतर परत मिळवा. ती ओळ सापडेपर्यंत दिवस जातो, कारण डीबगर बोट दाखवतो ते सी लायब्ररीकडे.

करार मोडूनही वर्षानुवर्षं निभावतं, ते समोरचा जास्तीची काळजी घेतो म्हणून. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती 4.3 ने 2008 मध्ये डायरेक्शन फ्लॅग (मेमरीत पुढे सरकायचं की मागे, हे ठरवणारी प्रोसेसरची खूण) साफ करायची फालतू सूचना घालणं थांबवलं. फंक्शनात शिरताना तो साफ असतोच, असं करारात लिहिलेलंच होतं. तेव्हा कळलं, की लिनक्स कर्नल सिग्नल हँडलरला (मधेच आलेला इशारा हाताळणाऱ्या फंक्शनला) बोलावताना तो साफ करतच नव्हता. चूक जुनी, फक्त झाकण निघालं. असंच दुसरं झाकण म्हणजे डिक्लरेशन (फंक्शनची आगाऊ ओळख) न देता केलेला कॉल. सी तिथे इंट परत येईल असं गृहीत धरायचं आणि असेंब्लीने दिलेला 64 बिटचा पॉइंटर 32 बिटांवर कापला जायचा. सी भाषेच्या सी99 या प्रमाणाने ही सवलत काढून घेतली, तरी जीसीसी इशाऱ्यावरच भागवत राहिला. तो एररवर आला 2024 मध्ये, आवृत्ती 14 ला.

एवढ्या वर्षांत हार्डवेअर स्वतः या करारात फारसं पडलं नाही. 2020 पासून इंटेलच्या काही प्रोसेसरांत शॅडो स्टॅक आला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमने तो चालू केला असेल तर परतीच्या पत्त्याची एक वेगळी प्रत ठेवली जाते आणि रिटर्नच्या वेळी दोन्ही जुळले नाहीत तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. स्टॅक बिघडवणारं असेंब्ली फंक्शन आता निदान स्वतःच्याच दारात पकडलं जाईल. आरबीएक्स जागेवर ठेवलं की नाही, हे मात्र अजूनही कुणी तपासत नाही.