कागदी घोडे आणि मसल कार

ब्यूक म्हणजे अमेरिकेत डॉक्टर-वकिलांची गाडी. मऊ गाद्या, आतून शांत, बाहेरून घरंदाज. ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने जानेवारी 1970 च्या अंकासाठी ब्यूकची जीएस 455 स्टेज 1 पाव मैलाच्या पट्टीवर पळवली. ती उभ्या जागेवरून निघाली आणि 402 मीटरचं अंतर 13.38 सेकंदांत कापून गेली. शेवटच्या रेषेवर तिचा वेग होता ताशी 170 किलोमीटर. कंपनीच्या माहितीपत्रकात या इंजिनाची ताकद लिहिली होती 360 अश्वशक्ती. त्याच वर्षी क्रायस्लरच्या हेमी इंजिनावर 425 चा आकडा होता आणि शेव्हरोले शेव्हेलच्या एलएस6 वर 450 चा. कागदावर ब्यूक मागे होती. घड्याळ मात्र तिघींनाही साधारण 13 ते 14 सेकंदांच्या पट्ट्यातच दाखवत होतं.

आता आजचा भाव बघा. चांगल्या स्थितीतली स्टेज 1 ब्यूक लाखभर डॉलरच्या आसपास मोजली जाते. क्रायस्लरच्याच प्लिमथ शाखेची 1971 ची, उघड्या टपाची आणि हेमी इंजिनाची बाराकुडा, म्हणजेच हेमी कुडा, जून 2014 मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. म्हणजे भाव घड्याळावर ठरत नाही आणि माहितीपत्रकातल्या घोड्यांवरही ठरत नाही. ‘कागदी घोडे नाचवणं’ हा आपला वाक्प्रचार या गाड्यांना दोनदा लागू पडतो, एकदा त्या विकल्या गेल्या तेव्हा आणि दुसऱ्यांदा आज.

मसल कारची कृती सोपी होती. मध्यम आकाराची स्वस्त गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन बसवायचं. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 क्यूबिक इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच शाखेचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये यातून पळवाट काढली. टेंपेस्ट गाडीत 389 क्यूबिक इंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं इंजिन त्यांनी स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता ‘जास्तीचा पर्याय’ म्हणून दिलं. नाव ठेवलं जीटीओ. 5,000 गाड्या खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या. त्यानंतर नियमाची कोणी फारशी आठवण काढली नाही.

तेव्हा छापली जाणारी अश्वशक्ती ‘ग्रॉस’ असे. इंजिन गाडीतून बाहेर काढून टेस्ट बेंचवर ठेवायचं. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, डायनॅमो किंवा पंख्याचा भार नाही. अशा उघड्याबोडक्या इंजिनाने जे जास्तीत जास्त दिलं ते छापायचं. लग्नाच्या बायोडेटात उंची बुटांसकट लिहावी तसाच हा प्रकार. गाडीत बसवलेल्या, सगळी ओझी वाहणाऱ्या इंजिनाची ताकद ती ‘नेट’. 1971 मध्ये काही कंपन्यांनी दोन्ही आकडे छापले, तेव्हा फरक उघड झाला. शेव्हरोलेचं एक 454 क्यूबिक इंचांचं इंजिन ग्रॉस मोजणीत 365 अश्वशक्तीचं होतं आणि नेट मोजणीत 285 चं. म्हणजे जवळजवळ 22 टक्के घोडे तबेल्यातच राहिले होते. 1972 पासून फक्त नेट आकडा छापायची पद्धत पडली आणि पुष्कळांना वाटलं की एका वर्षात गाड्या लुळ्यापांगळ्या झाल्या. खरा ऱ्हासही त्याच वेळी चालू होता, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं जात होतं. पण त्या घसरणीचा मोठा भाग निव्वळ मोजपट्टी बदलल्याचा होता.

गंमत अशी, की काही कंपन्या उलटी लबाडीही करत. विमा कंपन्या अश्वशक्ती बघून हप्ता वाढवत आणि पंचविशीच्या आतल्या मुलांना तो हप्ता गाडीच्या हप्त्याएवढा पडे. ड्रॅग शर्यतीतला, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्या जागेवरून सुटणाऱ्या शर्यतीतला गटही वजन आणि जाहीर अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावर ठरे. आकडा कमी सांगितला की सोपा गट मिळायचा. त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती. ताकद म्हणजे पिळाचा जोर (टॉर्क) गुणिले फेरे, त्यामुळे इंजिन कळसाला पोचण्याआधीच्या फेऱ्यांवरचा आकडा छापला की काम झालं.

ब्यूकचा 360 हा आकडा असाच असणार, हे घरबसल्या तपासता येतं. ड्रॅग पट्टीवरच्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे. शेवटच्या रेषेवरचा वेग हा ताकद भागिले वजन याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. घनमूळ का, तर ठरावीक अंतरात ठरावीक ताकदीने ढकललं की वेगाचा घन ताकदीच्या पटीत वाढतो. ताकद दुप्पट केली तरी वेग जेमतेम सव्वापट होतो. चालकासकट गाडी 1,800 किलो धरली, तर ताशी 170 चा वेग गाठायला गाडीत बसवलेल्या इंजिनाकडून सुमारे 365 अश्वशक्ती लागते. आणि छापलेला 360 चा ग्रॉस आकडा खरा असता, तर नेट ताकद 280 च्या आसपास भरली असती आणि रेषेवरचा वेग ताशी 156 च्या पुढे गेला नसता. ग्रॉस पद्धतीने प्रामाणिकपणे मोजलं असतं तर या डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर साडेचारशेच्या वरचा आकडा छापावा लागला असता.

अर्थात मासिकाच्या हाती दिलेली गाडी शोरूममधल्या गाडीसारखीच होती का, हा प्रश्न उरतोच. 1964 मध्ये एका मासिकाने पाँटिअ‍ॅक जीटीओचा पाव मैल 13.1 सेकंदांत मोजला आणि देशभर बोलबाला झाला. पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे कबूल केलं की त्या गाडीत 389 ऐवजी 421 क्यूबिक इंचांचं इंजिन होतं. म्हणून जुन्या मासिकांतल्या सेकंदांवरून आजही हमरीतुमरीवर येणाऱ्यांची मला मौज वाटते. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर भांडावं इतका तो पुरावा स्वच्छ नाही.

तिन्ही गाड्या एकाच पट्ट्यात का अडकल्या, याचं उत्तर इंजिनात नाही, टायरमध्ये आहे. तेव्हाचे टायर बायस-प्लाय असत. आतले धागे तिरके विणलेले, रुंदी बेताची, रबर आजच्या मानाने कडक. डांबरावरची त्यांची पकड साधारण 0.8 धरू, म्हणजे चाकावर जेवढं वजन त्याच्या 0.8 पट जोर लावता येतो. इंजिनाचा जोर जातो मागच्या दोन चाकांवर आणि नेमकं तिथेच वजन कमी, कारण लोखंडी इंजिन पुढे बसलेलं. एकूण वजनापैकी 45 टक्केच मागे. गाडी सुटताना नाक उचलते, थोडं वजन मागे सरकतं, तेवढीच मदत. हे सगळं धरून हिशेब केला तर सुरुवातीला गाडीला गुरुत्वत्वरणाच्या 0.42 पटीहून जास्त त्वरण घेताच येत नाही. त्यापुढे पाय दाबला की धूर निघतो, गाडी पुढे जात नाही.

या मर्यादेवर ताशी 100 किलोमीटर गाठायला साडेसहा सेकंदांच्या आसपास लागतात आणि त्या क्षणी चाकांपाशी लागणारी ताकद असते जेमतेम 280 अश्वशक्ती. म्हणजे पट्टीच्या पहिल्या भागात साडेतीनशे घोडे असोत की साडेचारशे, रस्ता एकाच मापाने वाढत होता. मोठ्या इंजिनाचा फायदा दिसायचा तो पुढच्या भागात, म्हणून तो सेकंदांत कमी आणि शेवटच्या वेगात जास्त दिसतो. व्ही-6 इंजिनाची, 301 अश्वशक्तीची आणि पुढच्या चाकांवर चालणारी टोयोटा कॅमरी हेच अंतर साधारण 14.3 सेकंदांत कापते. घरची भाजी आणायची गाडी! तिचा आकडा नेट आहे, टायर जास्त पकडीचे, रेडियल आहेत आणि चाक घसरायला लागलं की संगणक हात आखडता घेतो.

मग हेमीचं एवढं काय? नाव पडलं ते ज्वलनकक्षाच्या अर्धगोल आकारावरून. अर्धगोलात दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसवता येतात, म्हणून ते मोठे करता येतात. हवा एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या बाजूने सरळ निघून जाते. शिवाय तेवढ्याच घनफळाला अर्धगोलाचा पृष्ठभाग कमी, म्हणून भिंतींतून वाया जाणारी उष्णताही कमी. जास्त फेऱ्यांवर हे इंजिन मोकळा श्वास घेतं. फेब्रुवारी 1964 मध्ये डेटोना 500 शर्यतीत पहिल्या तिन्ही जागा हेमीच्या प्लिमथ गाड्यांनी घेतल्या, रिचर्ड पेटी पहिला. या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेने 1965 साठी नियम बदलून ते इंजिन बाहेर ठेवलं, क्रायस्लरने बहिष्कार टाकला आणि 1966 मध्ये तेच इंजिन शोरूममधून विकायला काढलं. रस्त्यावर मात्र त्याचे गुण अंगाशी येत. वजन सुमारे 380 किलो, तेही पुढच्या चाकांवर. दोन मोठे कार्ब्युरेटर, जुळवायला कटकटीचे. सिग्नलवरून सुटताना क्रायस्लरचंच स्वस्त 440 क्यूबिक इंचांचं इंजिन त्याला सहज टक्कर देई.

आणि म्हणूनच ते आज इतकं महाग आहे. 1970 मध्ये कुडाला हेमी बसवून घ्यायचे सुमारे 870 डॉलर जास्त पडत, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढे. वर विमा. ज्याला शर्यत करायची तो हलकी, बंद टपाची गाडी घेई आणि ज्याला टप उघडून समुद्रकाठी फिरायचं त्याला हेमी नको होती. दोन्ही एकत्र मागणारा गिऱ्हाईक विरळा. 1970 मध्ये बंद टपाच्या हेमी कुडा 652 बनल्या आणि उघड्या टपाच्या फक्त 14. 1971 मध्ये उघड्या टपाच्या 11. तेव्हा कोणी घेतली नाही म्हणून आज ती सगळ्यांना हवी आहे. मे 2021 मध्ये अशाच एका गाडीला 48 लाख डॉलरची बोली आली आणि मालकाने ती नाकारली.

प्लिमथ हे नाव आपल्याकडेही परकं नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडल्या होत्या. पण त्या सभ्य सेडान, हा पुढचा वांडपणा इकडे आला नाही.

न खपलेल्या मालाचं सोनं होण्याचा हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड टोकदार नाकाची, मागे उंच पंख असलेली. शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने विकायलाही हवी, या नॅसकारच्या अटीपुरत्या कंपनीने सुमारे 1,900 बनवल्या. तिची बहीण डॉज चार्जर डेटोना घेऊन शर्यतपटू बडी बेकरने मार्च 1970 मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी 200 मैलांचा टप्पा ओलांडला. पण किराणा आणायला पंखवाली गाडी कोण नेणार? सुपरबर्ड शोरूमबाहेर धूळ खात उभ्या राहिल्या आणि काही विक्रेत्यांनी पंख काढून, नाक बदलून त्या साध्या गाड्या म्हणून खपवल्या. 1969 ची कॅमेरो झेडएल1 ही तशीच. अ‍ॅल्युमिनियमच्या 427 इंजिनासाठीच 4,000 डॉलरहून जास्त मोजावे लागत. इलिनॉयमधल्या एका छोट्या गावच्या विक्रेत्याने 50 मागवल्या, बिल बघून त्याचे डोळे पांढरे झाले आणि बऱ्याचशा परत गेल्या. एकूण 69 बनल्या. त्यांतली एकही आज सहजासहजी हाती लागत नाही.

विरळपणा मात्र सिद्ध करावा लागतो आणि इथे कागद पुन्हा मैदानात उतरतो. मसल कार मुळात साध्या गाडीत मोठं इंजिन घालूनच बनली होती, तेच काम आजही कोणीही गॅरेजमध्ये करू शकतो. एलएस6 च्या शेव्हेल शेव्हरोलेने बनवल्या त्याहून आज जास्त आहेत, असं या मंडळींत थट्टेने म्हणतात. म्हणून इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, हे आधी बघतात. जुळणारी गाडी आणि न जुळणारी गाडी सारख्याच पळतात, भाव दुपटी-तिपटीने वेगळे. फोर्ड आणि पाँटिअ‍ॅकच्या बाबतीत कंपनीच्या जुन्या नोंदींवरून गाडीचा मूळ तपशील काढून देणारे लोक आहेत. क्रायस्लरच्या गाड्यांचं वेगळं. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक छापील कागद फिरे, कामगाराला कोणता सुटा भाग लावायचा ते सांगणारा. काम झालं की तो फेकायचा. कामगार तो कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खुपसून देत, कधी गालिच्याखाली सरकवत. पन्नास वर्षांनी सीट उसवल्यावर तोच पिवळा, उंदरांनी कुरतडलेला कागद निघाला की मालक तो लॅमिनेट करून तिजोरीत ठेवतो.

त्या कागदावर आणि काचेखालच्या पट्टीवर 1971 च्या त्या कुडाचा क्रमांक सुरू होतो ‘बीएस27आर1बी’ असा. पहिला बी म्हणजे बाराकुडा, 27 म्हणजे उघडा टप, 1 म्हणजे 1971, शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅमॅकचा कारखाना. मधला ‘आर’ म्हणजे हेमी. त्याजागी ‘एच’ असेल तर ती 340 क्यूबिक इंचांची कुडा. पहिल्या साठ मीटरपर्यंत तीही जवळपास तेवढीच पळते, कारण टायर तेच.