बायोगॅस आणि बायो-सीएनजी: चुलीत चालतो तो गॅस रिक्षात का चालत नाही?

शौचालयाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्राचा पाइप थेट रिक्षाच्या सिलिंडरला लावता येईल का, असे हमखास विचारले जाते. येत नाही. तरी मैल्याच्या गॅसवर बस धावल्याच्या बातम्या खऱ्याच असतात. घोळ होतो तो नावांमुळे. मैला कुजून निघतो तो बायोगॅस. तो धुऊन, वाळवून, दाबून भरला की बायो-सीएनजी होतो. सरकारी कागदांत त्यालाच सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणतात. दोन्हींत जळणारा वायू एकच, मिथेन. फरक आहे तो त्याच्यासोबत काय काय आले आणि किती दाबाने भरले यात.

कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 65 टक्के असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय भरपूर वाफ आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. बायो-सीएनजीसाठी आपल्याकडे आयएस 16087 हे मानक आहे. त्याच्या 2016 च्या आवृत्तीनुसार मिथेन किमान 90 टक्के लागतो, कार्बन डायऑक्साइड 4 टक्क्यांच्या आत, गंधक घनमीटरला 20 मिलिग्रॅमच्या आत आणि ओलावा 5 मिलिग्रॅमच्या आत. हे सगळे जमले की तो गॅस आणि पंपावरचा जमिनीतून काढलेला सीएनजी यांत इंजिनाला फरक कळत नाही. त्याच किटवर, त्याच सिलिंडरमध्ये तो चालतो.

आधी दाबाचे पाहू, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. तरंगत्या टाकीच्या संयंत्राला काचेच्या यू-नळीचा दाबमापक लावा आणि नळीत रंगीत पाणी भरा. पाणी जेमतेम दहा सेंटिमीटर वर चढते. चुलीला तेवढा दाब पुरतो. गाडीच्या सिलिंडरमध्ये मात्र 200 बार लागतात (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), म्हणजे चुलीच्या दाबाच्या सुमारे वीस हजार पट. कारच्या 60 लिटरच्या सिलिंडरमध्ये आठ-नऊ किलो सीएनजी मावतो. तेवढ्याच मिथेनचा कच्चा बायोगॅस न दाबता न्यायचा म्हटला, तर गाडीवर दहा बाय आठच्या खोलीएवढा फुगा बांधावा लागेल.

"मग स्वयंपाकाच्या गॅससारखा टाकीत द्रवरूप करून भरू" हेही होत नाही. एलपीजी साध्या तापमानाला थोड्या दाबाने द्रव होतो. मिथेन उणे 82 अंशांच्या खाली नेल्याशिवाय कितीही दाबला तरी द्रव होत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून रिकाम्या एलपीजी सिलिंडरमध्ये बायोगॅस कोंबण्याचे व्हिडिओ फिरतात. तसे करू नका. ती टाकी त्या कामासाठी बनलेली नसते, आत गॅसबरोबर पाणी आणि गंधक जाते, आणि एवढे करून गॅस भरतो तो जेमतेम चहापुरता.

न धुता 200 बारला दाबला तर काय बिघडते? वाफेचे पाणी होते, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून आम्ल बनते आणि सिलिंडर आतून गंजायला लागतो. हायड्रोजन सल्फाइड त्याहून वाईट. दाबाखाली तो मजबूत पोलादालाही ठिसूळ करतो, आणि ही इजा बाहेरून दिसत नाही. इंजिनात जळल्यावर त्याचे गंधकाचे आम्ल होते, ते ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंग खाते. कार्बन डायऑक्साइड जळतच नाही, म्हणजे सिलिंडरमधली तेवढी जागा वाया जाते आणि चढावर गाडी दम टाकते.

म्हणून गॅस धुण्याचे टप्पे क्रमानेच करावे लागतात. पहिला मान गंधकाचा. लोखंडाच्या गंजाच्या गोळ्या भरलेल्या उभ्या नळकांड्यातून गॅस खालून वर सोडतात. गोळ्या विटकरी असतात. गंधक धरत गेल्या की खालून काळ्या पडत जातात, आणि पारदर्शक खिडकी असेल तर काळी रेघ रोज थोडी वर सरकताना दिसते. रेघ तीन-चतुर्थांश उंचीवर पोचली की गोळ्या बदलायच्या. वापरलेल्या गोळ्या एकदम उघड्यावर ओतू नयेत. हवा लागताच त्या तापतात आणि पेटूही शकतात. पाण्याने भिजवून, पातळ थर पसरून ठेवाव्यात.

इथे दोन्ही गॅसची कामे वेगळी असल्याचे चांगले दिसते. चुलीचा किंवा जनरेटरचा गॅस असेल तर गंधक काढायचा स्वस्त उपाय म्हणजे टाकीतल्या गॅसमध्ये थोडी हवा, पाचेक टक्के, मोजून सोडणे. जिवाणूच गंधक खाऊन पिवळा थर धरतात. गाडीच्या गॅससाठी हाच उपाय घातक ठरतो. हवेतला नायट्रोजन मिथेनबरोबर शेवटपर्यंत येतो, पाण्याने धुतला जात नाही, आणि 90 टक्क्यांची अट हुकते. त्यामुळे बायो-सीएनजी करायचा असेल तर गळक्या झाकणातून शिरणारी हवासुद्धा शोधून बंद करावी लागते.

मैल्याच्या गॅसची एक खोड शेणाच्या गॅसला सहसा नसते: सिलोक्सेन. शाम्पू, क्रीम, डिओडरंट यांतली सिलिकॉनची संयुगे न्हाणीघरातून सांडपाण्यात येतात आणि तिथून गॅसमध्ये उतरतात. इंजिनात जळली की त्यांची बारीक वाळू होते. स्पार्क प्लगवर, व्हॉल्व्हवर पांढरा कडक थर चढतो आणि ऑक्सिजन सेन्सर आंधळा होतो. शहराच्या सांडपाण्यावरचा प्रकल्प असेल तर सक्रिय कोळशाची गाळणी टाळता येत नाही. निव्वळ शौचालयाचा मैला असेल, न्हाणीचे पाणी वेगळे जात असेल, तर हा त्रास बराच कमी.

मग कार्बन डायऑक्साइड. सरळ पद्धत पाण्याने धुण्याची. प्लॅस्टिकच्या कड्या भरलेल्या उंच मनोऱ्यात 8 ते 10 बार दाबाने गॅस खालून आणि पाणी वरून सोडतात. कार्बन डायऑक्साइड मिथेनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त विरघळतो, तो पाण्याबरोबर खाली जातो. हे पाणी थेट हवेत मोकळे केले तर विरघळलेला थोडा मिथेनही जातो. म्हणून आधी मधल्या टाकीत दाब अर्धवट उतरवून तो परत घेतात. ही टाकी पैसे वाचवायला म्हणून वगळणे ही मोठी चूक आहे. मिथेन हवा तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट वाईट. तो गळत असेल तर हरित इंधन म्हणण्यात अर्थ उरत नाही. दुसरी पद्धत झिओलाइटच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खनिजाच्या, खड्यांची. तिथे पाणी लागत नाही, पण ओला किंवा गंधकाचा गॅस आला की खडे कायमचे बाद होतात. गंधक आधी, कार्बन डायऑक्साइड नंतर, हा क्रम त्यासाठीच.

शेवटी वाळवणे, टप्प्याटप्प्याने थंड करत दाबणे, आणि एक गोष्ट जी नवे लोक विसरतात: वास घालणे. धुतलेल्या मिथेनला वास नसतो. कच्चा गॅस गळला की नाकाला कळते, बायो-सीएनजी गळला तर कळत नाही, म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. उच्च दाबाने गॅस भरायला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटके आणि दाबाखालचे गॅस यांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची परवानगी लागते, आणि गाडीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबावर चाचणी. घरगुती बायोगॅसला यातले काही लागत नाही.

आता हिशेब, कारण निर्णय त्यावरच ठरतो. एका माणसाच्या दिवसाच्या मैल्यातून साधारण 28 लिटर बायोगॅस मिळतो, जुन्या मापात एक घनफूट. त्यातला मिथेन अंदाजे 11 ग्रॅम, वर्षाला 4 किलो. रिक्षा किलोला तीसेक किलोमीटर देते, म्हणजे एका माणसाच्या वर्षभराच्या मैल्यावर ती सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाईल. दिवसाला शंभरेक किलोमीटर फिरणारी एक रिक्षा चालवायला तीनशेहून जास्त माणसे लागतात, आणि दिवसाला दोनशे किलोमीटर धावणाऱ्या शहर बसला सहा हजारांच्या घरात.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा आकडा याच्याशी जुळतो. तिथे 2010 साली ॲव्हनमथच्या सांडपाणी केंद्राच्या गॅसवर एक बीटल मोटार चालवली गेली. 70 घरांच्या मैल्यावर वर्षाला 10,000 मैल, असे सांगितले गेले. घरटी अडीच माणसे धरली तर 700 किलो मिथेन आणि किलोला 23 किलोमीटर, हे पटण्यासारखे आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये त्याच गॅसवर 40 आसनांची बस धावली, पण तिच्या गॅसमध्ये अन्नकचऱ्याचाही वाटा होता. "मैल्यावरची बस" एवढेच वाचून हिशेब मांडला की तो चुकतो. इंदूरचा 2022 चा दिवसाला 550 टनांचा प्रकल्प ओल्या कचऱ्यावर आहे, मैल्यावर नाही, तरी गप्पांत दोन्ही एकाच पिशवीत टाकले जातात.

दोनशे फ्लॅटची सोसायटी घ्या, आठशे माणसे. दिवसाला 22 घनमीटर बायोगॅस मिळेल. धुऊन दाबला तर जेमतेम नऊ किलो, एका कारचे एक सिलिंडर, आणि त्यासाठी कॉम्प्रेसर, मनोरा, परवाने, राबणारा माणूस. तोच गॅस गंधक काढून क्लबहाउसच्या स्वयंपाकघरात जाळला तर रोज साडेनऊ किलो एलपीजी वाचतो. एवढ्या आकाराला गाडीचे इंधन करू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शेगडी मात्र बायोगॅसची घ्यावी. एलपीजीच्या बारीक छिद्रातून हा गॅस नीट जळत नाही.

सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र, आहे म्हणून गॅस निघेलच, असेही नाही. बहुतेक एसटीपींत हवा फुंकून घाण कुजवतात, आणि हवेत कुजलेल्यातून मिथेन मिळत नाही. सेप्टिक टँकचाही उपयोग नाही, पण कारण वेगळे. तीन-चार वर्षांनी टँकर जो गाळ उपसतो त्यातला गॅस खड्ड्यातच निघून गेलेला असतो. गॅस हवा तर मैला ताजा हवा. नाशिकला 2017 साली जर्मनीच्या जीआयझी या सरकारी विकास संस्थेच्या साहाय्याने सुरू झालेल्या प्रकल्पात सार्वजनिक शौचालयांच्या मैल्याबरोबर हॉटेलांचा ओला कचरा घेतला तो याच विचाराने, आणि तिथे गॅसची वीज करायचे ठरले, वाहनाचे इंधन नव्हे.

कचरा मिसळण्याला दुसरेही कारण आहे. मैल्यात कार्बनच्या मानाने नायट्रोजन फार. नुसता मैला टाकला की अमोनिया साचतो आणि मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. शेण, खरकटे, भाजीचे देठ घातले की तोल सावरतो. पाणी मात्र मोजून. तांब्याने दीड-दोन लिटर ओतले तर ठीक. फ्लशच्या टाकीतून दर वेळी दहा लिटर सुटले तर मैला पुरता कुजायच्या आतच बाहेर ढकलला जातो. फिनाइल आणि ॲसिडने भांडे धुणे तर बंदच. देहूला डॉ. मापुसकरांनी शौचालये आणि मैल्याचा बायोगॅस यांवर अनेक वर्षे काम केले. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या कामातला गॅस चुलीसाठीच होता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात तर 1897 साली मैल्याच्या टाकीवरचा गॅस गोळा करून इंजिने चालवली गेली, पण ती जागेवर उभी असलेली. जागेवरच्या इंजिनाला गॅस पाइपने येतो, पाठीवर वाहून न्यावा लागत नाही.