भूरूपप्रक्रिया आणि जमिनीतील कार्बन (ग्रामीण विदर्भ)

खडक झिजणे, उतारावरून माती वाहणे आणि सखल भागात गाळ साचणे, या प्रक्रियांबरोबर जमिनीतला कार्बनही हलतो, गाडला जातो किंवा हवेत परततो. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत आहे त्याहून जास्त.

पश्चिम विदर्भाचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे. टेकाडावर उथळ, मुरमाड बरड आणि पायथ्याला खोल, भारी काळी जमीन, असा उतारावरचा क्रम एकाच शिवारात दिसतो. जून-जुलैत कपाशी-सोयाबीन जमीन झाकण्याआधी जोराचा पाऊस आला, की हलका सेंद्रिय अंश आणि बारीक चिकणमाती आधी वाहते आणि धुऱ्याला किंवा नाल्याकाठी अडते. वाटेत ढेकळे फुटल्याने काही कार्बन कुजून हवेत जातो, काही नव्या गाळाखाली गाडला जाऊन टिकतो. म्हणून वाहून गेलेला सगळा कार्बन हवेत गेला असे मानणे चूक, आणि तो सगळा सुरक्षित आहे असे मानणेही चूक. हिशेब एका शेताचा न मांडता पाणलोटाचा मांडावा लागतो. उताराला आडवी पेरणी केली तर पाण्याचा वेग कमी होतो आणि माती वरच्या शेतातच राहते.

काळी जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते. पालापाचोळा आणि वरची भुसभुशीत माती भेगांत पडते. पावसात चिकणमाती फुगून भेगा मिटल्या, की तो कार्बन खालीच अडकतो. पहिल्या पावसाने कोरडी माती भिजताच मात्र सूक्ष्मजीव जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर पडतो.

कार्बनचा दुसरा साठा चुनखडीचा. नाल्याच्या कापात काळ्या थराखाली पांढुरके खडे दिसतात. त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की ते फसफसतात. तो बुडबुड्यांचा वायू म्हणजे दगडात बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइड. पावसाच्या पाण्यात व मातीतल्या हवेत असलेला हा वायू बेसाल्टमधील कॅल्शियमशी जोडला जाऊन चुना बनतो. जुनाच चुना विरघळून पुन्हा साचला असेल, तर मात्र साठ्यात नवी भर पडत नाही. बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, या प्रक्रियेची शेतकऱ्याला किंमत मोजावी लागते: कॅल्शियम चुन्यात अडकते, मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, जमीन चोपण होते आणि पाणी मुरत नाही. खारपाणपट्ट्यातील या साठ्याकडे केवळ हवामानाचा फायदा म्हणून पाहणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे.

पूर्व विदर्भात पाऊस जास्त आणि खडक बहुतांशी वेगळे. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आणि माजी मालगुजारी तलाव (पूर्वीच्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे तलाव) वाहती माती अडवतात. तळाच्या गाळात प्राणवायू कमी, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ हळू कुजतो. पण तिथूनच मिथेनही निघतो. उन्हाळ्यात तो गाळ उपसून शेतात टाकला, की त्यातला काही कार्बन हवा लागून उडतो, तरी हलक्या जमिनीत चिकणमाती मिसळल्याने ओल धरण्याची ताकद वाढते.

नेहमीच्या माती परीक्षणासाठी नमुना वरच्या थरातूनच घेतात. भेगांतून खाली गेलेला कार्बन आणि खोलवरची चुनखडी त्यात येत नाही. विदर्भातील भारी जमिनींचा साठा मोजताना खड्डा निदान मीटरभर तरी खणावा लागतो, तोही माथा, मधला उतार आणि पायथा अशा तिन्ही ठिकाणी.