खुणा नसलेल्या वाटा : डॉली सॉड्सच्या ‘वाइल्डरनेस’ दर्जाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डॉली सॉड्सच्या पठारावर पाठीला सॅक लावून पहिल्यांदाच जाणाऱ्याला दोन गोष्टी खटकतात. वाटेवर कोठेही रंगाचा पट्टा नसतो आणि रेड क्रीक हा ओढा ओलांडायला पूल नसतो. ॲपलाचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरच्या दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढऱ्या पट्ट्यांची सवय झालेल्या माणसाला हा निष्काळजीपणा वाटतो, आणि वॉशिंग्टन परिसरातून तीन-चार तास मोटार हाकून येणारे मराठी भटकेही याला अपवाद नाहीत. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी ठरवून तशा ठेवलेल्या आहेत. त्या का ठेवल्या हे समजण्यासाठी १९६४ ते १९७५ या अकरा वर्षांतला एक वाद पाहावा लागतो : एकदा तोड झालेल्या पूर्वेकडच्या जमिनींना ‘वाइल्डरनेस’ हा कायदेशीर संरक्षणाचा दर्जा द्यावा की नाही. त्याआधीचा इतिहास त्या वादापुरताच येथे घेतला आहे.

हे पठार ॲलेघेनी डोंगररांगेच्या पूर्व कडेवर, बहुतांश चार हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. १७४६ साली हद्द आखण्यासाठी या उंच मुलखातून गेलेल्या मोजणी तुकडीच्या रोजनिशीत दलदलींचा आणि लॉरेलच्या जाळ्यांचा धसका स्पष्ट जाणवतो. लॉरेल म्हणजे तेथल्या डोंगरी बोलीत ऱ्होडोडेंड्रॉन; पुस्तके ज्या झुडपाला माउंटन लॉरेल म्हणतात त्याला ही माणसे आयव्ही म्हणतात, आणि दक्षिणेकडच्या डोंगरांत असल्या जाळीला सरळ ‘हेल’, म्हणजे नरकच, म्हटले जाते. करवंदीच्या जाळीत एकदा शिरलेल्या माणसाला हे नाव पटायला वेळ लागणार नाही. येथे काटे नसतात, पण वाकड्यातिकड्या फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की पुढे जायला ओणवे व्हावे लागते. ‘सॉड्स’ म्हणजे डोंगरमाथ्यावरचे मोकळे चराऊ रान, आणि ‘डॉली’ हे तेथे गुरे चारणाऱ्या जर्मन वंशाच्या एका कुटुंबाच्या आडनावाचे बोलीतले रूप. कोकणातल्या वाचकाला ‘सडा’ आठवेल. अर्थ जवळचा असला तरी शब्दांचा संबंध नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पठाराचा मोठा भाग तांबड्या स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या दाट जंगलाखाली होता. उभ्या चढावर ओंडके ओढणारी, गिअरवर चालणारी शे बनावटीची इंजिने आली आणि पुढच्या काही दशकांत ते जंगल संपले. मागे राहिलेल्या फांद्या-शेंड्यांना आगी लागल्या. सावली गेल्यामुळे वाळलेला, शतकानुशतके साचलेल्या पानमातीचा कित्येक फूट जाडीचा थर त्यांत जळाला आणि अनेक ठिकाणी खालचा कातळ उघडा पडला. १९११ च्या एका कायद्याने नद्यांच्या उगमक्षेत्रांतील अशा उजाड खाजगी जमिनी विकत घेण्याचा अधिकार संघराज्य सरकारला दिला. पूर्वेकडची बहुतेक राष्ट्रीय वने अशी, तोड झाल्यानंतर विकत घेतलेली आहेत, आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे. १९३० च्या दशकात बेरोजगार तरुणांच्या शिबिरांनी येथे रस्ते बांधले आणि पाइन लावले. १९४३-४४ मध्ये लष्कराने हे पठार तोफा आणि उखळी तोफांच्या सरावासाठी वापरले.

आता वादाचा मुद्दा. ३ सप्टेंबर १९६४ रोजी झालेल्या कायद्याने वाइल्डरनेस म्हणजे काय हे पहिल्यांदा व्याख्येत बांधले. त्या व्याख्येचा कणा असलेला शब्द आहे ‘अनट्रॅमल्ड’. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तो घाईत ‘अनट्रॅम्पल्ड’ असा वाचतात, आणि मग वाइल्डरनेस म्हणजे माणसाच्या पायाखाली कधीच न तुडवली गेलेली भूमी असा अर्थ रूढ होतो. मूळ शब्दातला ‘ट्रॅमल’ म्हणजे मासे किंवा पाखरे धरण्याचे जाळे, किंवा घोड्याच्या पायांत अडकवायची दोरी. मराठीत या दुसऱ्या अर्थाला नेमका शब्द आहे : पायबंद. म्हणजे कायद्याला अभिप्रेत आहे ती माणसाने पायबंद न घातलेली भूमी, जिच्या चालीत आज कोणी आडवे येत नाही. पूर्वी तिच्यावर काय गुदरले हा प्रश्न या शब्दात येत नाही. मसुदाकाराने सहकाऱ्यांचा आक्षेप असतानाही हा शब्द जाणूनबुजून राखला होता. कायदा होण्याच्या चार महिने आधी तो वारला, त्यामुळे नंतर झालेल्या अर्थाच्या ओढाताणीत त्याची साक्ष काढता आली नाही. आपल्याकडे या शब्दाचे भाषांतर ‘निबिड अरण्य’ किंवा ‘अभयारण्य’ असे केले जाते. पहिल्यात दाट झाडी गृहीत धरली आहे, दुसऱ्यात प्राण्यांचे रक्षण. कायद्यात दोन्हींपैकी एकही अट नाही, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या संघराज्य वनखात्याने मात्र व्याख्या कडक लावली. पूर्वेकडची जवळजवळ सगळी वनजमीन कधी ना कधी कुऱ्हाडीखालून गेलेली आहे, तेव्हा तिला हा दर्जा दिला तर पश्चिमेकडच्या अस्पर्श रानांच्या दर्जाला किंमत उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. पूर्वेसाठी ‘वाइल्ड एरिया’ नावाचा वेगळा, व्यवस्थापनाला अधिक मोकळीक देणारा वर्ग करावा, असा प्रस्ताव १९७२ मध्ये पुढे आला. या भूमिकेमागे केवळ लाकडाचे हितसंबंध होते असे म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. खात्यातल्या अनेकांना शुद्धतेची खरोखरच चाड होती. तरीही युक्तिवाद टिकणारा नव्हता, कारण १९६४ च्या पहिल्याच यादीत ॲपलाचियन डोंगरांतली तीन क्षेत्रे होती, आणि त्यांतले उत्तर कॅरोलायनातील शायनिंग रॉक हे तोड झालेले आणि १९२५ व १९४२ साली आगीत होरपळलेले होते. शिवाय व्याख्येतच माणसाच्या कामाचा ठसा ‘बहुतांशी लक्षात न येणारा’ असावा एवढेच म्हटले आहे; तो मुळीच नसावा असे म्हटलेले नाही. जखम भरून येऊ शकते, हे कायद्याने आधीच मान्य केले होते.

३ जानेवारी १९७५ रोजी वादाचा निकाल लागला. पूर्वेकडच्या १६ क्षेत्रांना, मिळून सुमारे दोन लाख सात हजार एकरांना, पुरा वाइल्डरनेस दर्जा मिळाला; त्यांत डॉली सॉड्सचे सुमारे दहा हजार एकर होते. गंमत अशी की ज्या कायद्याला सगळे ‘ईस्टर्न वाइल्डरनेस कायदा’ म्हणतात त्याच्या संहितेत हे नाव कोठेही नाही. डॉली सॉड्सच्या बाबतीत आणखी एक अडचण आधीच दूर झाली होती : जमिनीखालच्या कोळशाचे हक्क खाजगी मालकीचे होते आणि ते एका निसर्गसंवर्धन संस्थेने विकत घेऊन वनखात्याच्या हवाली केले. तसे झाले नसते तर वर वाइल्डरनेस आणि खाली खाण अशी स्थिती झाली असती.

भटक्याला जाणवणारा कष्ट या निकालातून आलेला आहे. पायबंद घालायचा नाही हे तत्त्व वाटांनाही लावल्यामुळे खुणा नाहीत, फलक मोजके आहेत, आडवी पडलेली झाडे सहसा यांत्रिक करवतीने कापली जात नाहीत आणि एका गटात दहापेक्षा अधिक माणसे चालत नाहीत. वाटांचा बराच भाग जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या भरावावरून जातो, त्यामुळे काही काळ रस्त्यासारखी सपाट चाल मिळते आणि मग भराव ओढ्याच्या काठावर एकदम तुटतो, कारण पूल कधीच कुजून गेलेला असतो. रेड क्रीकचे पाणी दलदलीतल्या टॅनिन या वनस्पतिजन्य द्रव्यामुळे कोऱ्या चहासारखे तपकिरी असते. फिल्टरमधून काढले तरी रंग जात नाही. दोन तास जोरात पाऊस झाला की सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येत नाही, आणि अशा वेळी काठावर तंबू टाकून पाणी उतरण्याची वाट पाहणे हाच शहाणपणा असतो. धुक्यात मात्र स्प्रूसची झाडे कामाला येतात. सततच्या पश्चिमी वाऱ्याने त्यांच्या एका बाजूच्या फांद्या झडतात, उरलेल्या निशाणासारख्या पूर्वेकडे वळतात, आणि होकायंत्र न काढताही दिशेचा अंदाज येतो.

येथे मिळणाऱ्या आनंदाचा हिशेबही या इतिहासाला धरूनच करावा लागतो. दूरवर मोकळी दिसणारी क्षितिजे, कातळाच्या उघड्या शिळा आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हातभर अंतरावर लगडलेल्या ब्लूबेरी व हकलबेरी हे सारे बऱ्याच अंशी तोड, आग आणि चराई यांचे देणे आहे. आता स्प्रूस हळूहळू परत येत आहे, आणि तो आला की ही मोकळीक कमी होत जाईल.

उत्तरेकडचा भाग १९९३ मध्ये सरकारकडे आला आणि २००९ च्या कायद्याने दर्जाचे क्षेत्र १७,३७१ एकरांपर्यंत वाढले. अलीकडच्या वर्षांत गर्दी एवढी वाढली आहे की शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारी पठारावरच्या बेअर रॉक्स या खडकांजवळच्या खडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोटारी लागतात, आणि वाट चुकणाऱ्यांमुळे खुणांची मागणी पुन्हा होऊ लागली आहे. तिला विरोध करणारे १९७५ च्या निकालाचाच आधार घेतात, परंतु तो निकाल जमीन दर्जास पात्र आहे की नाही एवढ्यापुरता होता; खुणांचा निर्णय ही त्यानंतरची प्रशासकीय बाब आहे, आणि व्यवस्थापनासाठी किमान आवश्यक असेल तर १९६४ च्या कायद्यात अपवादाची तरतूद आहे. लष्करी सरावातले न फुटलेले गोळेही पूर्णपणे संपलेले नाहीत. १९९७ मध्ये वाटा आणि तंबूच्या जागा तपासून सापडलेले गोळे निकामी करण्यात आले, तरी रुळलेल्या वाटा सोडू नयेत, आणि गोळा दिसल्यास त्याला हात न लावता जागा लक्षात ठेवून कळवावे, ही सूचना आजही कायम आहे.