बीएमडी आणि टीबीएस: एकाच एक्स-रेतून निघणारे दोन आकडे

डेक्सा या हाडांच्या एक्स-रे तपासणीच्या काही रिपोर्टवर बीएमडीसोबत (हाडातल्या खनिजाची घनता) टीबीएस (ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर) नावाचा आणखी एक आकडा असतो. मशीन तेच, कंबरेच्या मणक्यांची प्रतिमाही तीच, त्यामुळे पुष्कळांना दोन्ही एकच वाटतात. एक बरा आला की दुसऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. हाडात खनिज किती आहे ते बीएमडी सांगतो; ते आत कसं रचलेलं असावं याचा अंदाज टीबीएस देतो.

बीएमडीचं गणित सरळ आहे. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडून हाडाने किती अडवले आणि मांस-चरबीने किती, हे वेगळं काढतात. त्यावरून दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज ते कळतं. निरोगी तरुण वयाच्या सरासरीशी तुलना केली की टी-स्कोअर मिळतो. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ची रेषा आजही वापरात आहे. (मोफत शिबिरांत टाचेला लावतात ते यंत्र बहुधा अल्ट्रासाउंडचं असतं. त्याच्या आकड्याला ही रेषा लावू नये.)

पण मणक्याच्या आत भरीव हाड नसतं, बारीक जाळी असते: उभे खांब आणि त्यांना धरून ठेवणारे आडवे दुवे. मांडवाच्या आडव्या बांधण्या सुटल्या तर बांबूंचं वजन फारसं घटत नाही, मांडव मात्र डुगडुगतो. हाडाचंही तेच. मधला एक दुवा गेला की खांबाची विनाआधार लांबी दुप्पट होते आणि भाराखाली न वाकता उभं राहण्याची त्याची ताकद चौथ्या हिश्शावर येते. खनिज जरासंच गेलेलं असतं, म्हणून बीएमडीला त्याचा पत्ता नीट लागत नाही.

टीबीएसलाही ही जाळी थेट दिसत नाही, कारण तिचे धागे डेक्साच्या प्रतिमेतल्या एका ठिपक्याहूनही बारीक असतात. सॉफ्टवेअर पाहतं ते शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या करड्या छटांमधला फरक. जाळी दाट असली की छटा जागोजागी बदलते, पण थोडी थोडी. विरळ असली की मोजक्या ठिकाणी आणि एकदम. त्यातून एक आकडा निघतो. साधारणपणे १.३५ च्या वर जाळी शाबूत आणि १.२० च्या खाली खिळखिळी धरतात. काही ठिकाणी १.३१ आणि १.२३ या सीमा वापरतात. वेगळा एक्स-रे लागत नाही.

प्रतिमेतल्या रेषांवरून हाड जोखणं नवं नाही. सिंग आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्येच खुब्याच्या साध्या एक्स-रेवरून सहा पायऱ्यांची मोजणी मांडली होती. ती डोळ्यांनी करायची, त्यामुळे दोघा डॉक्टरांचं एकमत होईलच असं नसे.

दोन आकड्यांची फारकत सर्वांत ठळक दिसते ती टाइप २ मधुमेहात. बीएमडी चांगला, कधी कधी इतरांपेक्षा सरसच, आणि तरीही हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त. टीबीएस मात्र अशांमध्ये कमी आढळतो. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांतही असंच घडतं. उतारवयात मणक्यांना हाडाचे काटे वाढतात, तेव्हा बीएमडी उगाच फुगतो; टीबीएसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या २९ हजारांवर स्त्रियांच्या २०११ च्या अभ्यासात दोन्ही आकडे मिळून फ्रॅक्चरचा अंदाज एकट्या बीएमडीपेक्षा चांगला आला.

तरी टीबीएस बीएमडीची जागा घेत नाही. पोटावर चरबी जास्त असेल तर तो खोटा खाली येतो, आणि एकट्या टीबीएसवर औषध सुरू करायचं नसतं. फ्रॅक्स या गणकात तो घालून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढतात. हाडांची झीज रोखणाऱ्या नेहमीच्या बिस्फॉस्फोनेट गोळ्यांनी बीएमडी वाढतो तसा टीबीएस वाढत नाही. वर्षभराने तो जागचा हलला नाही म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका.