छापील चेहऱ्यावरून व्यक्तिचित्र : पार्श्वभूमी

वर्तमानपत्रातील छायाचित्रे घेऊन त्यांवरून पॉप आर्टच्या (जाहिराती, सिनेमा, वर्तमानपत्रे यांतील चित्रे उचलणाऱ्या शैलीच्या) वळणाची, सपाट आणि भडक रंगांची व्यक्तिचित्रे करणाऱ्या बेळगावातील एका चित्रकाराच्या कामाविषयी बोलणे निघाले की ‘मूळ फोटो कोणाचा?’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे.

सीमाभागात फोटोवरून चित्र काढणे नवे नाही. पासपोर्ट आकाराच्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या करून घ्यायच्या आणि एकेका चौकटीतून चेहरा उतरवायचा, ही पेंटरांची रीत कोल्हापूरपासून खानापूरपर्यंत परिचयाची होती. फोटो घरचाच असल्याने हक्काचा प्रश्न उद्भवत नसे.

तो उद्भवला छापील चेहऱ्यामुळे. १९६२ मध्ये मर्लिन मन्रोच्या निधनानंतर अँडी वॉरहॉल या अमेरिकन पॉप चित्रकाराने तिचा १९५३ च्या चित्रपटासाठी काढलेला प्रसिद्धी-फोटो स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीने, पुन्हापुन्हा उमटवला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८ मे २०२३ चा निकाल या संदर्भात वारंवार, आणि बहुधा चुकीचा, सांगितला जातो. प्रिन्स या गायकाचा १९८१ मधला एक फोटो १९८४ मध्ये एका मासिकाने वॉरहॉलकडून चित्र करून घेण्यासाठी ४०० डॉलर देऊन, एकदाच वापरण्याच्या अटीवर घेतला होता. वॉरहॉलने त्यावरून एक नव्हे, सोळा कलाकृती केल्या. गायकाच्या निधनानंतर २०१६ मध्ये त्यांपैकी एक कलाकृती वॉरहॉलच्या वारसा-संस्थेने १०,००० डॉलर घेऊन त्या मासिकाच्या प्रकाशन-कंपनीला छापायला दिली, तेव्हा छायाचित्रकार स्त्रीला ना पैसे मिळाले ना श्रेय. सात विरुद्ध दोन मतांनी निकाल तिच्या बाजूने लागला, तो केवळ २०१६ च्या या वापरापुरता. मूळ चित्रे काढणे गैर होते की नाही, यावर न्यायालयाने मत दिलेच नाही. ‘फोटोवरून चित्र काढायला बंदी आली’ असे म्हणणे म्हणूनच चित्रकारांवर अन्याय करणारे आहे. मात्र चेहरा प्रसिद्ध असला म्हणून फोटो सर्वांचा होत नाही, हेही तितकेच खरे.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वेगळा करार नसेल, तर वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचा छायाचित्रकाराचा असतो, ही तरतूद आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. कॅनव्हासवर चितारलेला चेहरा या ‘बाकीच्या’ हक्कात येतो.

बेळगावच्या या चित्रकाराने चेहऱ्यांवर छपाईचे ठिपकेही हाताने, एकेक करून, रंगवलेले आहेत. कॅनव्हासच्या मागे तो मूळ कात्रण चिकटवून ठेवतो. त्यावर तारीख असते, पान असते. फोटो काढणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक कात्रणांवर छापलेलेच नसते.