रंगांच्या आधी वात होती

प्रेमासाठी गुलाबी, पैशासाठी हिरवी, मन शांत राहावं म्हणून निळी. मेणबत्तीच्या तोडग्यांविषयी आज काहीही वाचा, रंगांची अशी यादी हमखास भेटते आणि ती प्राचीन म्हणून सांगितली जाते. खरं तर ही यादी बरीच अलीकडची. या तोडग्यांचा जुना जीव वातीत आहे.

मध्ययुगीन युरोपात कुणी अंथरुणाला खिळलं की त्याचं डोक्यापासून पायापर्यंत दोऱ्यानं माप घेत. त्याच दोऱ्याची वात करून वर मेण चढवत आणि ती माणसाएवढी लांब मेणबत्ती वेटोळं करून संताच्या समाधीपाशी वाहत. ज्याला उठवत नव्हतं तो मापाच्या रूपानं तिथे पोचायचा. नवस स्वस्तातला नव्हता. गरिबाघरी चरबीची, उग्र वासाची बत्ती जळे. मधमाशीचं मेण महाग. माश्यांना संगाविना पिल्लं होतात असा समज असल्यानं ते पवित्रही मानलं जाई.

पूर्व युरोपातल्या ज्यू बायकांची रीत मला या साऱ्यात सर्वात हृद्य वाटते. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी त्या दफनभूमीत जात, सुतानं कबरी मापत आणि त्याच सुताच्या वाती वळत. एकेक धागा ठेवताना यिद्दिश या आपल्या बोलीत एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत आणि जिवंतांसाठी रदबदली करण्याची विनवणी करत. त्या मेणबत्त्या जिवंतांसाठीही असत आणि मृतांसाठीही.

चर्चमध्ये 2 फेब्रुवारीला मेणबत्त्यांना आशीर्वाद देत. लोक त्या घरी नेऊन जपून ठेवत; वादळात, मरणाऱ्याच्या उशाशी लावत. इंग्लंडमध्ये 1548 साली हा विधी बंद केला गेला. घरातले तोडगे मात्र चालूच राहिले. दुरावलेल्या प्रियकराला ओढून आणण्यासाठी मुली जळत्या मेणबत्तीत, वातीच्या आरपार जाईल अशी टाचणी खुपसत. ज्योत टाचणीपर्यंत उतरली की तो दारात येणार, ही श्रद्धा.

रंग आले ते कारखान्यांमुळे. 1825 मध्ये शेव्रल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी चरबीतल्या आम्लांपासून मेणबत्ती बनवण्याचं पेटंट घेतलं. 1850 च्या दशकात पॅराफिन हे खनिज मेण आलं. मेणबत्ती स्वस्त झाली, हव्या त्या रंगात मिळू लागली. मेणाची दुर्मिळता गेल्यावर फरक दाखवायला रंगच उरला, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हूडू या तोडग्यांच्या लोकपरंपरेत रंगांचा हा हिशोब चांगलाच रुजला, आणि 1942 साली हेन्री गमाश या लेखकाच्या नावानं निघालेल्या पुस्तकानं कोणत्या कामाला कोणता रंग, कोणत्या राशीला कोणता, हे बारकाईनं मांडलं. मेणबत्तीला तेल चोळायचं, मेणावर माणसाचं नाव कोरायचं, हेही त्या परंपरेतलंच. तिथल्या दुकानांत पुढे स्त्री-पुरुषांच्या आकाराच्या मेणबत्त्याही विकल्या जाऊ लागल्या, डोक्यातून वात निघणाऱ्या.